चार दिवस झाले तरी जेलकोट चिकट: फायबरच्या नावेचं आता काय करायचं

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहून घेतो. हतनूरच्या बॅकवॉटरला चांगदेवच्या बाजूला तुमची सोळा फुटी फायबरची नाव आहे, सेकंडहँड घेतलेली. बाहेरचा पांढरा जेलकोट (फायबरवरचा रंगीत, गुळगुळीत वरचा थर) खडूसारखा झालेला, हात फिरवला की पावडर हाताला लागते, पुढच्या टोकाजवळ कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा. तुम्ही जळगावहून जेलकोट आणि हार्डनर (तो कडक करणारं रसायन) आणला, मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ब्रशने लावला. एक किलोचा डबा कालवला तो पाच मिनिटात दगड झाला, जो लावला तो चार दिवस झाले तरी हाताला चिकटतोय, आणि दुसरा हात मारला तिथे सुरकुत्या पडल्या. दुकानदार म्हणतो हार्डनर कमी पडला, शेजारचा म्हणतो जास्त झाला. (आपल्याकडे नावेलाही बोट म्हणतात त्यामुळे तुम्ही लिहिलेलं "बोट चिकटतंय" वाचून मला दोन मिनिटं कळेना काय कुठे चिकटलंय.)

मी बावीस वर्षं फायबरचं काम करतो. सुरुवात कूलरच्या बॉडीपासून, मग पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या, दरवाजे, आणि मधली दोन वर्षं वेरावळला एका यार्डात नावांवर काढली. तिथून आल्यावर मला वाटलं आता सगळं येतं, आणि आल्या आल्या पहिल्याच उन्हाळ्यात भुसावळजवळ एका नावेचा अख्खा एक साईड खरवडून काढावा लागला. तिकडचं प्रमाण मी इकडे वापरलं होतं. समुद्रकाठी एप्रिलला 32-33 असतं, आपल्याकडे 44. रेझिनची (ज्या पातळ प्लास्टिकपासून फायबर आणि जेलकोट बनतात त्याची) ढोबळ गोष्ट अशी की टेंपरेचर दहा डिग्री वाढलं की माल कडक होईपर्यंत हातात असलेला वेळ जवळपास अर्धा होतो. तिकडे वीस मिनिटं मिळायची तिथे इकडे आठ-नऊ. तुमच्या डब्याचा दगड झाला तो ह्याच हिशोबाने.

आधी चिकटपणाचं बघू कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. जेलकोट दिसतो रंगासारखा म्हणून माणूस त्याला रंगासारखं वागवतो, म्हणजे लावा, उन्हात ठेवा, वाळेल. पण ऑइलपेंट हवेने वाळतो आणि जेलकोटला हवाच नडते. आतली रिॲक्शन सुरू झाली की हवेतला ऑक्सिजन वरच्या पातळ थराची रिॲक्शन अडवतो, खालचा सगळा माल कडक होतो आणि वर गुळाच्या पाकासारखी चिकट साय राहते. कारखान्यात नाव साच्यात बनते तेव्हा जेलकोट साच्याला चिकटून असतो, चकचकीत बाजूला हवा लागतच नाही, आणि मागची चिकट बाजू उलट कामाची असते कारण त्यावर मॅट (काचेच्या तंतूंची चादर) आणि रेझिन घट्ट धरतं. तुम्ही तोच माल उघड्यावर बाहेरून लावलात. चार दिवस काय चार महिने उन्हात ठेवलात तरी ती साय तशीच राहील, वर धूळ बसून काळी पडेल एवढंच.

आता तुमचा माल ह्याच प्रकारात आहे की खरंच कच्चा राहिलाय ते तपासा. फडक्यावर ॲसिटोन घ्या, एका हाताएवढ्या जागेवर दोन-तीन वेळा पुसा, पाच मिनिटं थांबा आणि नखाने जोरात दाबा. चिकट साय निघून खाली कडक, नखाचा व्रण न पडणारा थर लागला तर माल पक्का आहे, फक्त हवेने वरचा थर खराब केलाय, काही बिघडलेलं नाही. पण फडक्यावर पांढरा रंग येतच राहिला आणि खाली रबरासारखं मऊ लागलं तर तो कच्चा आहे आणि त्याच्यावर काहीही लावून उपयोग नाही, पत्र्याच्या पट्टीने खरवडून मूळ कडक थरापर्यंत जायचं. वरून हार्डनर चोपडून कच्चा माल पिकवायला बघणारे मी बघितलेत, ते कधीच होत नाही. सुरकुत्या पडल्या तेवढा भाग तर दोन्ही बाबतीत काढायचाच. पहिला हात पातळ आणि अर्धवट झालेला असताना दुसऱ्या हातातलं स्टायरिन (जेलकोट पातळ ठेवणारं उग्र वासाचं रसायन) त्याला फुगवतं म्हणून त्या येतात.

कच्चा राहायचं कारण आपल्याकडे बहुतेक वेळा कोबाल्ट, म्हणजे हार्डनरला कामाला लावणारं रसायन, असतं. दुकानात दोन तऱ्हेचा माल मिळतो. एकात कोबाल्ट आधीच टाकलेलं असतं, त्यात फक्त हार्डनर टाकायचा. दुसऱ्यात नसतं, ते तुम्ही टाकायचं, आणि दुकानदार गडबडीत सांगत नाही. नुसता हार्डनर टाकून ठेवला तर तो मऊच पडून राहतो. घेताना विचारा "कोबाल्ट मारलेला आहे का". नसेल तर साधारण एक ते दोन टक्के, पण कोबाल्टचीही ताकद वेगवेगळी असते, डब्यावर काय लिहिलंय ते बघून. आधी कोबाल्ट टाकून पूर्ण ढवळायचं, मग वेगळ्या चमच्याने हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, एका सिरिंजने घ्यायचे नाहीत, एका खोक्यात शेजारी ठेवायचे नाहीत. कूलरच्या कारखान्यात असताना एका पोराने वेळ वाचवायला दोन्ही एका बाटलीत ओतले, बाटली हातातून फेकली म्हणून वाचला, फेस आला, धूर आला आणि भिंतीजवळचं गोणपाट पेटलं. मालकाने त्या दिवसापासून कोबाल्ट एका कपाटात आणि हार्डनर दुसऱ्या खोलीत ठेवायला लावला, आणि मी आजही तसंच करतो.

हार्डनरचं प्रमाण. तुम्ही झाकणाने मोजलं असं लिहिलंय, ते बंद करा. मेडिकलमधून 5 मिलीची सिरिंज आणा, सुई काढून टाका, आणि किराणा दुकानात वापरतात तसला छोटा डिजिटल काटा घ्या. पंचवीस-तीस डिग्रीला दीड टक्का बरोबर बसतो. 35 च्या वर एक ते सव्वा टक्का. एक टक्क्याच्या खाली कधीच नाही, ऊन किती का असेना. इथेच आपली माणसं चुकतात, लवकर बसतंय म्हणून हार्डनर अर्धा करतात, मग तो हाताला कडक लागतो पण आतून पूर्ण पिकत नाही आणि सहा महिन्यात पिवळा पडून खडू होतो. थंडीत उलटं, सकाळी आठ-दहा डिग्रीला बसत नाही म्हणून चार-पाच टक्के ओततात, त्यानेही थर ठिसूळ होतो. 200 ग्रॅम जेलकोट घेतला तर सव्वा टक्क्याने अडीच ग्रॅम, म्हणजे सिरिंजवर सव्वादोन मिली. आणि एका वेळी दोनशे-अडीचशे ग्रॅमच कालवा. खोल डब्यात माल एकत्र असला की स्वतःच्याच उष्णतेने तापतो आणि पळतो, तोच माल पसरट ताटात ओतला की दुप्पट वेळ देतो. डबा श्रीखंडाचा चालतो, थर्माकोलचा कप वापरू नका, स्टायरिन त्याला खाऊन टाकतं.

उन्हाळ्यातली युक्ती म्हणाल तर जेलकोटचा डबा आदल्या रात्री कूलरसमोर ठेवा, माल गार होतो. पण काम करताना नावेवर कूलर लावू नका, ती ओली हवा आहे. काम पहाटे साडेपाचला सुरू, साडेआठला बंद. पत्र्याची शेड दुपारी भट्टी असते, नावेची कातडीच हात भाजेल इतकी तापलेली असते, त्यावर जेलकोट टाकला की वरचं स्टायरिन उडतं आणि बारीक टाचणीएवढी भोकं पडतात. मला विचाराल तर मे महिना जेलकोटचा नाहीच, मे महिना नाव वाळवायचा आणि घासायचा. फायबर आतून पाणी धरतं, विशेषतः जेलकोट उडालेला असताना. दोन फूट चौकोनी पॉलिथिन चारही बाजूंनी टेप मारून नावेवर चिकटवा, एक दिवस उन्हात ठेवा, आतून दव दिसलं तर नाव अजून ओली आहे. ह्या परीक्षेत पास होईपर्यंत थांबायचं, आणि आपल्या उन्हाइतका चांगला ड्रायर कुठल्या यार्डात नाही. जेलकोट सगळ्यात सुखाने लागतो तो दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, सकाळी दव उडाल्यावर दहा ते तीन. पावसाळ्यात नको.

आता नाव तयार करायची. इथे क्रम महत्त्वाचा आहे, लोक उलटा करतात. आधी साबणाने धुवा, शेवाळ, माशाचं तेल सगळं निघू द्या. मग ॲसिटोनने पुसा, दोन फडकी ठेवा, एकाने ओलं करायचं, दुसऱ्या कोरड्याने लगेच उचलायचं, नाहीतर घाण तिथेच पसरते. त्यानंतरच घासायचं. मेण किंवा तेल वर असताना पेपर मारला तर ते ओरखड्यांत आत जाऊन बसतं आणि वरचा जेलकोट माशाच्या डोळ्यासारखा गोल गोल मागे सरकतो. 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, सगळी चमक गेली पाहिजे, खडू झालेला थर पूर्ण निघाला पाहिजे. आता जे चिकट आहे ते ॲसिटोनने काढल्याशिवाय पेपर लावू नका, दोन मिनिटात पेपर भरून जाईल.

चिरांचं एवढं सांगतो की नुसती वरून पुट्टी भरू नका. नावेच्या आत बसून त्या जागी मुठीने दाबा, कातडी लवत असेल तर चीर हा फक्त निरोप आहे, खरी कमजोरी आत आहे, तिथे आतून 450 चा (चौरस मीटरला 450 ग्रॅमचा) मॅट दोन थर द्यावा लागेल. लवत नसेल तर ग्राइंडरच्या कडेने किंवा कोरणीने चीर व्ही आकारात चार-पाच मिलीमीटर रुंद उघडा, घट्ट केलेला जेलकोट भरा. घट्ट करायला ती पांढरी कापसासारखी हलकी सिलिका पावडर मिळते, ती टाका, दाढीच्या क्रीमसारखं होईपर्यंत. गाडीची बॉडी पुट्टी पाण्याच्या रेषेखाली नको, ती पाणी पिते. आणि आधीच्या मालकाने कुठे दोन पुड्या मळून लावायची इपॉक्सी पुट्टी थापली असेल तर ती काढा. इपॉक्सीवर पॉलिस्टरचा जेलकोट नीट धरत नाही, एका मोसमात पापुद्रा निघतो. इपॉक्सीवर इपॉक्सीच किंवा रंग.

माल घेताना आयसो (आयसोफ्थॅलिक पॉलिस्टरचा) घ्या. साधा जीपी (जनरल पर्पज) जेलकोट स्वस्त पडतो पण पाण्यात आणि आपल्या उन्हात टिकत नाही, कूलरला ठीक आहे. आयसो-एनपीजी (त्याचाच वरचा प्रकार) मिळाला तर अजून चांगला. रंग पांढरा किंवा फिका ठेवा. गडद निळा दिसतो भारी पण मे महिन्यात उन्हात ओढलेली निळी नाव एवढी तापते की मॅटची वीण वरून उमटायला लागते.

किती लागेल? थर अर्धा मिलीमीटर हवा, म्हणजे दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवली तेवढा. एका चौरस मीटरला साधारण सहाशे ग्रॅम. तुमच्या सोळा फुटी नावेची बाहेरची बाजू दहा-अकरा चौरस मीटर धरली तर सहा-सात किलो आणि नासाडी धरून आठ. एक किलोत नाव रंगवणार होतात तुम्ही, ते पातळ झालं म्हणूनच सुरकुत्या. पातळ करायला टर्पेंटाइन, पेंट थिनर अजिबात नको, ॲसिटोनही नको, अडकून बसतो आणि भोकं करतो. फारच घट्ट वाटला तर थोडं स्टायरिन, पाच टक्क्याच्या आत.

लावताना तीन हात. ब्रश जनावराच्या केसाचा, मऊ, किंवा आखूड लवेचा रोलर. पहिला हात बसला की बोट टेकवून बघा, चिकट लागलं पाहिजे पण बोटाला माल येता कामा नये, त्या वेळी दुसरा. उन्हाळ्यात हा वेळ अर्धा-पाऊण तासात येतो. जास्त घोळवू नका, ब्रश एकदा ओढला की सोडा, माल दह्यासारखा व्हायला लागला की तो हात फेकून द्यायचा, ओढत बसलात तर खपल्या निघतात. शेवटच्या हातात, फक्त शेवटच्या, वॅक्स सोल्युशन टाका, डब्यावर लिहिलेलं प्रमाण, बहुधा दोन ते पाच टक्के. हे पॅराफिन मेण स्टायरिनमध्ये विरघळवलेलं असतं, माल बसताना ते वर तरंगतं आणि हवेची वाट बंद करतं, मग साय राहत नाही. पहिल्या हातात टाकलंत तर दुसरा हात त्या मेणावर बसेल आणि सोलून निघेल, भुसावळच्या नावेत उन्हाच्या जोडीला मी हेही केलं होतं. घरी गॅसवर मेण वितळवून स्टायरिनमध्ये ओतायचा उद्योग करू नका, तयार बाटली फार महाग नसते. वॅक्स नाहीच मिळालं तर साच्याला मारतात तो पीव्हीए (पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म देणारा द्रव), जेलकोट बसायला लागला की वरून स्प्रेने पातळ मारा, नंतर पाण्याने धुऊन निघतो. आणि हाताएवढ्या पॅचला तर जुन्या ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) पारदर्शक शीट वरून चिकटवा, हवा बाहेर ढकलून कडेला टेप, दुसऱ्या दिवशी काढली की खाली काच.

माल कालवताना डोळ्यावर चष्मा पाहिजेच. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, लगेच पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवायचं आणि तसंच डॉक्टरकडे. तोंडाला कापडी रुमाल बांधून स्टायरिनचा वास थांबत नाही, काळ्या कोळशाच्या काडतुसाचा मास्क घ्या. घासताना पूर्ण बाह्या, खाज सुटली तर गरम पाण्याने आंघोळ नको, आधी गार पाणी. उरलेला कालवलेला माल डब्यात तसाच कचऱ्यात टाकू नका, तापून पेट घेतो, जमिनीवर पातळ ओतून कडक होऊ द्या.

आता घासाई आणि चमक. चोवीस तास थांबा, दोन दिवस थांबलात तर उत्तम. वरचं मेण साबणाच्या पाण्याने धुवा. मग वॉटर पेपर, लाकडी किंवा रबरी ठोकळ्यावर गुंडाळून, नुसत्या बोटांनी नाही, बोटांच्या जागी खड्डे पडतात. 220 किंवा 320 ने सुरुवात, ब्रशच्या रेघा आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा इथेच संपवायचा, पुढच्या नंबरवर ढकलायचा नाही. पेन्सिलने सगळीकडे नागमोडी रेघा मारा, घासत राहा, रेघ जिथे राहिली तिथे खड्डा आहे. मग 400, 600, 800, 1000, हवं तर 1200. प्रत्येक नंबरला दिशा बदला, आधी आडवं घासलं तर पुढे उभं, म्हणजे मागच्या नंबरचे ओरखडे गेले की नाही दिसतं. बादलीत दोन थेंब भांड्याचा साबण, पाणी बदलत राहा, आपल्याकडच्या धुळीचा एक कण 1000 च्या पेपरखाली आला की 100 चं काम करतो. कडांना, टोकाला जपून, तिथे माल पातळ असतो, खालचा मॅट उघडा पडायला चार घासे पुरतात.

बफिंगला चार इंची ग्राइंडरवर लोकरीची टोपी लावू नका, हात जोडून सांगतो. ते अकरा हजार फेऱ्यांनी फिरतं, जेलकोट जळून पिवळा डाग पडतो आणि तो निघत नाही. पॉलिशर मशीन दीड-दोन हजार फेऱ्यांवर चालवा, गॅरेजवाल्याकडून भाड्याने मिळतं. दोन फूट जागा घ्या, रबिंग कंपाउंड जागेवर लावा, पॅड सपाट, हलता ठेवा, हात लावून बघा, कोमट चालेल, गरम नको. नंतर बारीक पॉलिश आणि वरून मेण, वर्षातून दोनदा.

पण हे सगळं वरच्या भागाला. पाण्याखालच्या भागाला 400 वर थांबा. मासेमारीची नाव आहे, लग्नातली घोडी नाही, खालून चकचकीत करून कोण बघणार. गावाकडचा म्हातारा मिस्तरी बघून म्हणाला होता, हाई काय करी राह्यना भो, मासे तोंड पाहतील का त्यात.

अजून एक खरं बोलतो. चिकट थर फक्त वरवरचा निघाला आणि चिरा टोकापुरत्या असतील तर वर सांगितलं तसं करा. पण परीक्षेत अख्खी नाव कच्ची निघाली तर सगळं खरवडून पुन्हा जेलकोट घालण्याआधी दोन-घटकी पीयू (पॉलियुरेथेन) पेंटचा विचार करा. जेलकोट मुळात साच्यातून यायला बनलाय, बाहेरून लावला की प्रत्येक इंच हाताने घासावा लागतो, एकट्या माणसाचे आठ-दहा दिवस सहज जातात. पीयू दोन-तीन पातळ हातात सपाट बसतो, घासाई जवळपास नाही. जेलकोट जाड म्हणून खरचटणं जास्त सोसतो, हा त्याचा फायदा आहेच, म्हणून मी स्वतः टोक आणि तळाला जेलकोट, वरच्या बाजूंना पीयू असं बऱ्याचदा करतो, पैसे आणि पाठ दोन्ही वाचतात.

नाव पाण्यात टाकायला आठवडाभर थांबा. आणि पुढच्या टोकाखाली, जिथे तुम्ही तिला रोज काठावर गोट्यांवरून ओढता, तिथे जेलकोटच्या भरवशावर राहू नका, कितीही चांगला लावा, एका हंगामात मॅट दिसेल. तिथे आधी मॅटचे दोन थर जास्तीचे द्या आणि वरून ॲल्युमिनियमची पट्टी मारा, स्क्रूच्या प्रत्येक भोकात सीलंट भरून, नाहीतर वाळवलेली नाव त्याच भोकांतून परत पाणी प्यायला लागेल.